मेडे ऐकल्यावर तुमचा आवाज कापत नाही का?

मागच्या अंकात मी फक्त एवढंच लिहिलं होतं की बत्तीस वर्षं एअर ट्रॅफिक कंट्रोलमधे काढली, बहुतेक मुंबईतच, आता साताऱ्यात शाहूपुरीत निवांत असतो, विमानांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. वाटलं होतं चार-पाच पत्रं येतील. आले ते ढीगभर मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप, आणि निम्म्याहून जास्त लोकांनी फिरून फिरून एकच विचारलंय, की इमर्जन्सीत, म्हणजे पायलटनं मेडे (जिवावर बेतलंय हे सांगायचा वायरलेसवरचा ठरलेला शब्द) म्हटल्यावर, तुमची माणसं एवढी थंडपणे कशी काय बोलतात. म्हणून या वेळी सगळा अंक त्यावरच. (दोघांनी विचारलंय की स्वस्तात तिकीट मिळवून द्याल का. नाही मिळवून देऊ शकत, मीच लालपरीनं फिरतो.)

सर, मी सांगलीत बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. न्यूयॉर्कला हडसन नदीत विमान उतरवलं होतं त्याचं कंट्रोलरचं रेकॉर्डिंग ऐकलं. पायलट म्हणतोय आम्ही नदीत जातोय आणि हा माणूस मंडईत मेथीचा भाव विचारावा तसा बोलतोय. तुम्हाला त्या वेळी काही वाटत नाही का? का ट्रेनिंगमधे भावनाच काढून घेतात?

अगं वाटतं की. फक्त ते कधी वाटतं हा खरा मुद्दा आहे.

तू ऐकलेलं रेकॉर्डिंग १५ जानेवारी २००९ चं. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून एअरबस ए३२० उडाली, तीन हजार फुटांच्या जरा खालीच हंसांचा थवा आडवा आला आणि दोन्ही इंजिनांचा जोर गेला. विमानात कॅप्टन सलेनबर्गर, आणि खाली रडारवर कंट्रोलर पॅट्रिक हार्टन. पक्षी धडकल्यापासून विमान पाण्याला टेकेपर्यंत साडेतीन मिनिटं पण नाहीत, कुकरची एक शिट्टी व्हायला आमच्याकडं याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात हार्टननं काय काय केलं ते मोज. लाग्वार्डियाच्या टॉवरला सांगितलं की उड्डाणं थांबवा, इमर्जन्सी परत येतेय. टॉवरवाला विचारतो कुठलं इंजिन गेलं, हा सांगतो दोन्ही. पायलटला रनवे १३ देऊ केला, तो म्हणाला जमणार नाही. मग ३१ देऊ केला, तेही नाही. पायलटनंच न्यू जर्सीकडं टेटरबोरो विमानतळाचं विचारलं तर यानं लगेच तिकडं बोलून रनवे १ मोकळा करून घेतला आणि वळायला दिशा दिली. पायलट म्हणाला, नाही होणार. हा म्हणतो, मग टेटरबोरोला कुठला रनवे पाहिजे? आणि तिकडून आलं की आम्ही हडसनमधे जातोय.

आता इथं नीट ऐक. यावर हार्टन म्हणतो, सॉरी, से अगेन. अगदी रोजच्यासारखं, वायरलेसवर खरखर झाली की आम्ही म्हणतो तसं. ऐकणाऱ्याला वाटतं काय कूल माणूस आहे. पण नंतर त्यानं अमेरिकेच्या संसदेच्या समितीसमोर सांगितलं की मला ऐकू अगदी व्यवस्थित आलं होतं, ते शब्द डोक्यात शिरत नव्हते म्हणून परत विचारलं. म्हणजे सगळ्या टेपमधलं जे वाक्य तुला सगळ्यात थंड वाटलं ना, ते बोलताना त्या माणसाचं डोकं खरं तर थांबलं होतं. बोलली ती सवय.

आणि रडारवरून ते विमान गेल्यावरसुद्धा तो बोलतच राहिला, की नेवार्क विमानतळ तुमच्या दोन वाजताच्या दिशेला (घड्याळात दोनचा आकडा असतो तसा उजवीकडं पुढं) आहे, सातेक मैलांवर. उत्तर कोण देणार? त्याची खात्री झाली होती की त्या विमानातल्या माणसाशी शेवटचं बोलणारा मीच. त्याला खुर्चीवरून उठवल्यावर त्यानं बायकोला मेसेज केला, क्रॅश झालाय, मी ठीक नाहीये, आत्ता बोलू शकत नाही. विमानातले १५५ च्या १५५ वाचलेत हे त्याला नंतर कळलं.

तर भावना कुणी काढून घेत नाही, आणि काढताही येत नाहीत. ट्रेनिंगमधे फक्त एवढंच होतं की सिम्युलेटरवर तेच तेच बसवून बसवून बोलायचा एक साचा जिभेवर बसतो, आणि डोकं गोंधळलं तरी जीभ त्या साच्यातून चालत राहते. तुझ्या आजीचा हात वाती वळत असतो आणि तोंड शेजारणीशी बोलत असतं, तसंच. आपल्याकडं ही भरती एअरपोर्ट्स अथॉरिटी करते, बीएस्सीला फिजिक्स-मॅथ्स असलं तर तू बसू शकतेस, परीक्षेनंतर आवाजाची चाचणी असते, मानसिक चाचणी असते, मेडिकल असतं. ट्रेनिंग प्रयागराज, हैदराबाद, आणि आपल्या महाराष्ट्रात गोंदियाला. मुलींनी बिनधास्त यावं, मी ज्यांच्या शेजारी बसलो त्यातल्या सगळ्यात पक्क्या तीन कंट्रोलर बायकाच होत्या.

मेडे म्हटल्यावर कंट्रोलर नक्की करतो काय? आम्हाला पिक्चरमधे फक्त लाल दिवे आणि पळापळ दिसते. (एक वाचक, विटा)

पळापळ करायला जागाच नसते हो, हेडसेटची वायर तेवढी लांब नसते.

आमच्यात एक शब्द घोकून घेतात, असिस्ट. इंग्रजीत सहा अक्षरांचा, एकेका अक्षराचं एकेक काम. अ‍ॅक्नॉलेज, म्हणजे पहिल्यांदा त्या पायलटला कळलं पाहिजे की त्याचं ऐकलं गेलंय. सेपरेट, आजूबाजूची विमानं त्याच्यापासून लांब करायची, उंचीत निदान हजार फूट नाहीतर आडवं अंतर, रडारवर पाच मैल, विमानतळाजवळ तीन, आणि हे मैल म्हणजे नॉटिकल मैल, आपले नाहीत. सायलेन्स, त्या फ्रिक्वेन्सीवर बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं, नाहीतर दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जायचं. इन्फॉर्म, सुपरवायझर, टॉवर, फायर, अ‍ॅम्ब्युलन्स. सपोर्ट, तो मागेल ते द्यायचं. आणि शेवटी टाइम, त्याला वेळ द्यायचा.

मला विचाराल तर सगळ्यात अवघड हे शेवटचं. कारण मदत करायची एवढी खाज असते माणसाला, की सारखं विचारावंसं वाटतं, काय झालं, आता कसं आहे, अजून काय पाहिजे. तिकडं ते दोघं चेकलिस्ट वाचत असतात, विमान सांभाळत असतात, आणि आपण कानात भुणभुण करायची? पायलटचा क्रम ठरलेला असतो, आधी विमान उडवायचं, मग कुठं जायचं ते बघायचं, आणि बोलायचं सगळ्यात शेवटी. म्हणून चांगला कंट्रोलर इमर्जन्सीत कमी बोलतो. लोकांना तो शांतपणा वाटतो, खरं तर ती बऱ्याचदा दाबून धरलेली जीभ असते.

दुसरं म्हणजे तो एकटा नसतो. त्याच्या शेजारी दुसरा माणूस फोनवर असतो, सुपरवायझर मागं येऊन उभा राहतो आणि त्याची बाकीची विमानं दुसऱ्याकडं वळवली जातात. टेपवर तुम्हाला एक आवाज ऐकू येतो पण त्याच्यामागं पाच-सहा माणसं खालमानेनं कामाला लागलेली असतात. आणि पायलटनं ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र) इमर्जन्सीचा आकडा ७७०० टाकलं असेल तर सगळ्यांच्याच स्क्रीनवर ते उठून दिसतं, सांगायची पण गरज नाही. (७६०० म्हणजे रेडिओ गेला. ७५०० म्हणजे अपहरण, त्यावर जास्त लिहीत नाही.)

काका, एका रेकॉर्डिंगमधे कंट्रोलर पायलटला पहिलं काय विचारतो तर इंधन किती आणि माणसं किती. इंग्रजीत तर सोल्स म्हणतात. मला ते ऐकून कसंतरीच झालं. वाचवायचं बघायचं सोडून मेलेल्यांचा हिशेब आधीच मांडायचा का? (एक गृहिणी, कोरेगाव)

वहिनी, तुम्हाला वाटलं ते अगदी खरं वाटलं, मलाही पहिल्या वर्षी तसंच वाटायचं. पण पहिल्यांदा नाही विचारत बरं का, वर सांगितलं तसं आधी जागा करून देतात आणि मगच जरा उसंत मिळाली की विचारतात.

इंधन दोन कारणांनी. एक, किती वेळ हवेत राहू शकतो ते कळतं आणि ते किलोत नको, मिनिटांत सांगा असं आम्ही म्हणतो. दोन, उतरताना आग लागली तर किती मोठी लागेल ते फायरवाल्याला आधी कळायला पाहिजे. आणि माणसं किती, ते यासाठी की बाहेर काढलेली मोजली की आत किती राहिली ते कळावं. १७१ सांगितले असतील आणि बाहेर १६९ असतील तर दोघांसाठी परत आत जायचं. तो आकडाच नसेल तर कुणी म्हणेल सगळे आले वाटतं, आणि संपलं.

एक आठवण सांगतो. २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची. माझी मावसबहीण तिथं दुसऱ्या मजल्यावर अडकलेली. तिनं कंट्रोल रूमला फोन लावला आणि रडायलाच लागली, तर पलीकडचा माणूस म्हणतो, ताई किती जणं आहात, कितव्या मजल्यावर, म्हातारं कोण, लहान कोण, औषध कुणाला चालू आहे. ही भडकली ना. मला नंतर म्हणाली, घर बुडायला लागलंय आणि तो माझी खानेसुमारी घेत बसलाय. पण बोट आली ती सात जणांची जागा ठेवून आली, आणि सासऱ्यांना उचलायला दोन पोरं जादा होती. त्या माणसाचं नाव तिला अजून माहीत नाही, तिला आवाज तेवढा आठवतो. म्हणते, असा बोलत होता जसं काय रोजच कुणीतरी बुडतंय.

त्या आठवड्यात खरंच रोज कुणीतरी बुडत होतं.

मी मिरजेहून रिटायर झालेला स्टेशन मास्तर. आमच्याकडं पुढच्या स्टेशनशी प्रायव्हेट नंबर (खात्रीसाठीचा गुप्त आकडा) दिल्या-घेतल्याशिवाय लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायला पुढचा मार्ग मोकळा, मानायचो नाही, मग समोरचा सख्खा भाऊ का असेना. तुमच्याकडं तसं काही आहे का, का नुसत्या विश्वासावर चालतं?

मास्तर, नमस्कार. तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, आपण एकाच जातीचे.

आमच्यात प्रायव्हेट नंबर नाही पण रीडबॅक आहे. मी सांगितलेलं पायलटनं जसंच्या तसं परत म्हणायचं, आणि ते बरोबर म्हटलं का हे मी कान देऊन ऐकायचं. नुसतं ओके, रॉजर चालत नाही. याची किंमत फार मोठी मोजलीय. २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरिफ बेट, धुकं. केएलएमच्या जंबोनं परवानगी नसताना धाव घेतली, पुढं त्याच रनवेवर पॅन अ‍ॅमचं जंबो होतं. टॉवर ओके म्हणाला, आणि पुढचं थांबा म्हणत होता, तेव्हाच पॅन अ‍ॅमवाला बोलला आणि दोघांचं एकावर एक चढून शिट्टी वाजली फक्त. ५८३ माणसं गेली. त्यानंतर टेकऑफ हा शब्दच कुलपात घातला. तो फक्त प्रत्यक्ष उडायची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरायचा, एरवी डिपार्चर म्हणायचं.

तुम्हाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी लिहितो. शांत आवाज आकाशातून पडत नाही, तो या असल्या ठरलेल्या शब्दांमुळं येतो. ऐन वेळी वाक्य बनवायचंच नसतं, वाक्य पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी बनवून ठेवलेलं असतं, बहुतेक वेळा कुणाच्या तरी जिवाच्या मोबदल्यात.

मी फ्लाइंग शिकतोय. आमच्या बॅचमधे म्हणतात की उगाच मेडे दिलं तर नंतर चौकश्या आणि कागदं, त्यापेक्षा नुसतं सांगायचं की प्रॉब्लेम आहे, लवकर घ्या. बरोबर आहे का? (कराड)

साफ चूक. आणि बॅचमधल्या त्या शहाण्याला पण वाचून दाखव.

२५ जानेवारी १९९०, एव्हिआन्का ५२, कोलंबियाहून न्यूयॉर्कला. हवा खराब म्हणून तासाहून जास्त वेळ हवेत घिरट्या. इंधन संपत आलेलं. पायलटांनी प्रायॉरिटी मागितली, इंधन संपतंय असंही म्हणाले, पण मेडे किंवा इमर्जन्सी हा शब्द काही तोंडातून निघाला नाही. कंट्रोलरला वाटलं, सगळेच घाईत असतात तसं हे पण. शेवटी चारी इंजिनं बंद पडून विमान लाँग आयलंडच्या टेकडीवर पडलं, १५८ पैकी ७३ गेले.

आपल्याकडं तर हा रोगच आहे. छातीत कळ येत असली तरी डॉक्टरला सांगणार, काही नाही जरा गॅसेस झालेत. पाहुण्याकडं पोटात आग पडली असली तरी, नको नको आत्ताच जेवून आलो. ते जमिनीवर ठीक आहे. वर गेल्यावर तीनदा मेडे म्हणायचं, एवढं गंभीर नसेल तर तीनदा पॅन-पॅन, पण शब्द उच्चारायचा. कारण माझा सगळा साचा त्या शब्दानं सुरू होतो रे. तू म्हणालास थोडा प्रॉब्लेम आहे, तर मी पण थोडाच हलणार. आणि कागदांचं म्हणशील तर मी आयुष्यभर भरले, बसून भरायला मिळतात यासारखं सुख नाही.

तुम्ही घरी पण असेच शांत असता का? (बऱ्याच जणींनी विचारलंय)

हा प्रश्न मी आमच्या हिला वाचून दाखवला. ती एवढी हसली की दूध उतू गेलं, आणि दूध उतू गेल्यावर मी काय केलं ते छापू नका म्हणाली.

माझा भाचा अहमदाबादला असतो. तिथला अपघात झाल्यापासून एकच विचार येतो, ज्या कंट्रोलरनं तो मेडे ऐकला त्याचं पुढं काय होत असेल? विमान नाहीच वाचलं तर तुम्ही लोक घरी कसे जाता? (सातारा, नाव छापू नये)

हे पत्र मी दोन आठवडे बाजूला ठेवलं होतं.

१२ जून २०२५ ला पडलेल्या एअर इंडिया १७१ बद्दल चौकशीच्या प्राथमिक अहवालात एवढं आहे की मेडे आला, कंट्रोलरनं कॉल साइन (विमानाचं वायरलेसवरचं नाव) विचारला, उत्तर आलं नाही, आणि मग त्यानं विमान विमानतळाच्या हद्दीबाहेर कोसळताना पाहिलं आणि आपत्कालीन यंत्रणा हलवली. तीन-चार वाक्यं. ज्यानं ती खुर्ची बघितलीय त्याला ती तीन-चार वाक्यं वाचून पुढं जाता येत नाही. असिस्टमधलं पहिलं अक्षर झालं आणि पुढच्याला कुणी उरलंच नाही.

नियम म्हणाल तर असं काही घडलं की त्या माणसाला लगेच पोझिशनवरून उठवतात, दुसरा बसतो, कारण बाकीची विमानं थांबत नाहीत, त्यांना उतरवायचंच असतं. टेप सील होते, जबाब होतात. बोलायला सहकारी देतात, कधी तज्ज्ञ देतात. आमच्या उमेदीच्या काळात यातलं काही नव्हतं, सुपरवायझर खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा जा, चहा पिऊन ये. तेवढंच.

आणि लोक क्षमा करतातच असं नाही. २००२ साली जर्मनी-स्वित्झर्लंडच्या हद्दीवर युबरलिंगेनला दोन विमानं हवेत धडकली, ७१ गेले. त्या रात्री कंट्रोलर एकटाच दोन जागा सांभाळत होता, जोडीदार आराम करायला गेलेला, दुरुस्तीसाठी फोनच्या मुख्य लाइनी बंद. त्याचा आवाज पण शांतच होता, त्याचा काही उपयोग झाला नाही. दीड-एक वर्षानं मेलेल्या मुलांच्या बापानं त्या कंट्रोलरच्या दारात येऊन त्याला ठार मारलं. मला त्या बापाचाही राग येत नाही आणि त्या कंट्रोलरचाही येत नाही, राग येतो तो एका माणसावर दोन खुर्च्या टाकणाऱ्यांचा.

दुसरा एक, इंडोनेशियात पालूला, २८ सप्टेंबर २०१८, भूकंप. टॉवर हलतोय, बाकीचे उतरून गेलेले, हा एकवीस वर्षांचा मुलगा थांबला कारण एक विमान रनवेवर धावायच्या तयारीत होतं. ते उडालं आणि मग त्यानं वरून उडी टाकली. वाचला नाही. अँथोनिअस गुनावान अगुंग. साताऱ्यात त्याचं नाव कोण घेणार म्हणून इथं लिहून ठेवतो.

माझं स्वतःचं सांगायचं तर माझ्या वाट्याला असं कधी आलं नाही. एकदा जवळ येऊन गेलं. जुलैची रात्र, मुंबईत धो धो, आखातातून येणाऱ्या विमानाला इंजिनात आगीची वॉर्निंग. सगळं वर लिहिलंय तसंच केलं, आठ विमानं बाजूला घेतली, रनवे २७ मोकळा, फायरच्या गाड्या उभ्या. ते उतरलं, आग नव्हती, वॉर्निंग खोटी होती. पायलट गुड नाइट म्हणाला, मी पण गुड नाइट म्हणालो. मिनिटामिनिटाची नोंद लिहिली, एक खाडाखोड नाही, सकाळी सुपरवायझरनं ती दुसऱ्यांना दाखवली पण होती.

पहाटे ड्यूटी सुटल्यावर सहारवरून बस पकडली. कंडक्टर आला, मी पैसे हातात धरून बसलेलो. तो म्हणाला, कुठलं देऊ? मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. परत म्हणाला, अहो साहेब, जायचं कुठं? रात्रभर आठ विमानांना कुठं जायचं ते सांगितलं होतं, आणि मला माझ्या स्टॉपचं नाव काही केल्या येईना. शेवटी म्हटलं, लास्ट स्टॉपचं द्या.

घर तिसऱ्या स्टॉपवर होतं. डेपोतून चालत परत आलो.